आमची कॅरॅव्हॅन सध्या समुद्रात आहे

पावसाने चार दिवस झोडपून काढलंय, लाईट येते-जाते, आणि बाबा रोज सकाळी चहाच्या आधी माझा फोन मागतात. "बघू गो बाय, कुठवर आली." जहाज कुठे आहे ते दाखवणारं एक ॲप आहे, त्यात आमच्या जहाजाचं नाव टाकलं की नकाशावर एक बाण दिसतो, आणि त्या जहाजाच्या पोटात शेकडो गाड्यांच्या मधे कुठेतरी आमची कॅरॅव्हॅन बांधून ठेवलेली आहे. गेले आठ दिवस बाण जागचा हललेला नाही, कारण जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की फुकटच्या ॲपला सिग्नल पोचत नाही. बाबांना हे चांगलं ठाऊक आहे. तरी बघतात.

आम्ही बारा वर्षं इंग्लंडमध्ये होतो, आता कायमचे न्यूझीलंडला चाललोय. नवरा पुढे गेलाय, हॅमिल्टनला, ऑकलंडपासून सव्वाशे किलोमीटरवर, तिथे घर बघतोय. मी आणि दोन्ही मुलं मधले पाच आठवडे इकडे गुहागर तालुक्यात माझ्या माहेरी. आणि कॅरॅव्हॅन मेच्या मध्यात साउदॅम्प्टनहून निघालीये. इथे ज्यांना-ज्यांना सांगितलं त्यांचा पहिला प्रश्न एकच, अगो ती कशाला नेतेस, विकून टाकायची ना. बाहेर राहणाऱ्या दोन-तीन मैत्रिणींनीही हेच विचारलं, त्यातली एक स्वतः पुढच्या वर्षी मूव्ह होतेय आणि तिच्याकडेही आहे, म्हणून म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच काढू.

कॅरॅव्हॅन म्हटलं की आपल्याकडे लोकांना शूटिंगची व्हॅनिटी व्हॅन आठवते. ही तशी नाही, हिला इंजिन नाही. गाडीच्या मागे हुकाला लावून ओढायची चाकांवरची खोली, आत चार जणांच्या झोपायची सोय, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, संडास. आमची २०१४ ची आहे, २०१८ मध्ये सेकंडहँड घेतली. इंग्लंडमध्ये आम्ही पाच भाड्याची घरं बदलली, मुलांच्या शाळाही बदलल्या, पण ही तीच राहिली. माझ्या मुलाला एका घराचा पत्ता धड आठवत नाही आणि कॅरॅव्हॅनमधल्या कुठल्या कप्प्याचं दार कसं कुरकुरतं हे मात्र त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल. २०१९ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते तेव्हा आम्ही त्यांना वेल्समध्ये टेनबीला घेऊन गेलो, तिथलं बंदर, ओहोटीला वाळूत कलंडलेल्या होड्या, बाबा अगदी आपल्या गावात असल्यासारखे फिरत होते. रात्री बंकवर आडवे झाले आणि म्हणाले, "केबिन आहे ही." बाबा १९७१ मध्ये जहाजावर खलाशी म्हणून लागले आणि सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचे मुकादम म्हणून रिटायर झाले, त्यामुळे त्यांनी केबिन म्हटलं म्हणजे पावतीच मिळाली. तर विकायची नाही हे आमचं मनातून ठरलेलंच होतं, पण मनातून ठरलं म्हणून पैसे उधळायचे नव्हते, म्हणून हिशोब केला.

आणि हिशोब वजनावर होत नाही. हे मला माहीत नव्हतं. गाडी जहाजावर चढवून नेतात त्याला रोरो म्हणतात, म्हणजे चाकांवर आत जायचं आणि चाकांवर बाहेर यायचं. आपल्या लोकांना हे समजावायची गरजच नाही, दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी घातलीये ना, तेच, फक्त जहाज अवाढव्य आणि गाडी आपण नाही, बंदरातला माणूस चढवतो. कोकण रेल्वे १९९९ पासून ट्रक वॅगनवर चढवून नेते तीही रोरोच. तर या रोरो जहाजाचं भाडं घनमीटरवर असतं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. तुम्ही किती जागा अडवता त्याचे पैसे, मग आत हवा का असेना.

मी पहिल्या एजंटला ब्रोशरमधली लांबी दिली, ५.३ मीटर. रुंदी २.२३, उंची २.६. त्याचे झाले जवळपास ३१ घनमीटर, त्याने त्यावर कोटेशन पाठवलं, मला वाटलं अरे हे तर जमण्यासारखं आहे. बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "हूक धरलास मापात?" नव्हता धरला. ब्रोशरमधली लांबी नुसत्या डब्याची असते, पुढचा दांडा आणि हूक धरून आमची पूर्ण लांबी ६.९ मीटर भरली, म्हणजे ४० घनमीटर. नऊ घनमीटरचा फरक! आणि बंदरात ते परत टेप लावतात, तुमचं कागदावरचं माप कुणी विचारत नाही. त्या एजंटने एवढं तरी विचारायला हवं होतं, रोजचं काम आहे त्याचं. मग दुसरा बघितला. तर माप घ्यायचं ते पुढे हुकाच्या टोकापासून मागच्या बंपरपर्यंत, आणि उंची जमिनीपासून छतावर जे सगळ्यात उंच असेल तिथपर्यंत. आमच्या छतावर टीव्हीचा अँटेना होता, तो दहा सेंटिमीटर वर यायचा, दहा सेंटिमीटर म्हणजे दीड घनमीटर, आणि दीड घनमीटरचं भाडं म्हणजे नव्या अँटेनापेक्षा जास्त. काढला, भोक नीट सील केलं.

कंटेनरचा विचार केला होता आधी. कंटेनर बंद पेटी, आत घरचं सामानही भरता येतं, रोरोमध्ये ते चालत नाही, तिथे गाडी रिकामी लागते. पण चाळीस फुटी उंच कंटेनर घेतला तरी त्याच्या दाराची उंची असते साधारण २.५८ मीटर आणि रुंदी २.३४. आमची उंची २.६०. दोन सेंटिमीटर! नवरा टेप घेऊन तीनदा मोजून आला. चाकं काढून छोट्या ट्रॉलीवर बसवून आत सरकवतात काही लोक, एकाने तसं सुचवलंही, पण दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर जागा आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, एकदा घासला की तो परत सरळ होत नाही. बाबा म्हणाले अडकवून नेण्यापेक्षा आपल्या पायावर जाऊ दे. रोरो ठरलं.

आता खरं काम, साफसफाई. भाड्याच्या हिशोबात लोक बुडून जातात आणि याकडे दुर्लक्ष करतात, आणि पैसे आणि वेळ दोन्ही जातात ते इथे. न्यूझीलंड बाहेरची माती, बी, कीटक या बाबतीत फार कडक आहे, आणि मला ते पटतं, त्यांची शेती आणि जंगल त्यावर टिकून आहे, एक कीड आत गेली तर काय होतं हे हापूसवाल्यांना वेगळं सांगायला नको. वापरलेली गाडी बंदरावर उतरली की तपासतात, घाण सापडली तर तुमच्या खर्चाने धुवायला पाठवतात, आणि तोवर गाडी अडकून.

आम्ही धुतली म्हणजे काय केलं ते सांगते. पहिल्या शनिवारी प्रेशर पंपाने बाहेरून धुतली आणि झालं असं समजलो. मग नवरा टॉर्च घेऊन खाली शिरला. चाकांच्या वरच्या कमानीत सात वर्षांचा चिखल थापलेला होता, उभी करताना कोपऱ्यांना जे चार पाय खाली सोडतात त्यांच्या तळव्यांना वाळलेलं गवत, खिडक्यांच्या रबरात हिरवं शेवाळ, मुक्कामाला बाजूला लावायच्या तंबूची कड जिथे सरकवतात त्या पन्हाळीतही शेवाळ. फ्रीजच्या मागे बाहेरच्या बाजूने जाळीची दोन झाकणं असतात, ती उघडली तर आत कोळ्यांची वस्ती, अंड्यांच्या पांढऱ्या गोळ्यांसकट. ही जागा कुणी विसरू नका, बाहेरून अजिबात दिसत नाही. तंबू धुवायच्या फंदात पडलोच नाही, त्याची खालची कड चिखलाने कायमची माखलेली होती, तो तिथेच शेजाऱ्यांना देऊन टाकला.

आणि मग आतलं. आम्ही दर दसऱ्याला कॅरॅव्हॅनची पूजा करायचो, झेंडू घालायचो, अक्षता टाकायचो, नारळ वाढवायचो. सात दसरे झाले होते. सीटच्या खालचे खण बाहेर काढले तर कोपऱ्या-कोपऱ्यात तांदळाचे दाणे, हळदीने पिवळे झालेले, आणि वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, त्याच्या बुडाशी त्या काळ्या काड्या असतात ना, ते बी. सगळं बी. व्हॅक्यूमच्या तोंडाला ते येत नव्हतं, मी आणि लेकीने चिमट्याने एकेक दाणा वेचला. वेचताना जीवावर आलं, खोटं कशाला सांगू, देवाचं म्हणून टाकलेलं होतं ते. एका वाटीत गोळा करून घरामागच्या झाडाखाली ठेवलं. गाद्यांच्या खाली आईने टाकायला सांगितलेला कडुलिंबाचा वाळका पाला होता, तो गेला. स्वयंपाकाच्या कप्प्यात आमसुलाचा एक तुकडा चिकटलेला, तो गेला. नारळाच्या काथ्याचं पायपुसणं होतं, तेही सोडलं. तीन वीकएंड लागले आम्हाला, चौघं मिळून.

तारीख निवडतानाही एक गोष्ट बघितली. युरोपात एक तपकिरी ढेकण्या असतो, झाडावरचा, चिरडला की घाण वास येतो, तो थंडीत ऊब शोधत गाड्यांच्या आणि सामानाच्या फटीत जाऊन बसतो आणि तसाच जहाजातून पुढे जातो. फळबागांचा शत्रू. त्यामुळे १ सप्टेंबर ते ३० एप्रिल हा त्याचा सीझन धरतात, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे, आणि त्या काळात युरोपातल्या बऱ्याच देशांतून निघालेल्या गाड्यांना उष्णता देणं, धूर देणं असले उपचार करावे लागतात. कॅरॅव्हॅन म्हणजे प्लॅस्टिक, फोम, चिकटवलेलं लाकूड, तिला भट्टीत घालायची कल्पनाच नको वाटली. सरळ मेमधलं जहाज धरलं. ज्यांना जमेल त्यांनी मे ते ऑगस्टच धरा.

दमट हवेचं मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन-अडीच महिने बंद डबा, वर विषुववृत्त ओलांडायचं, बुरशी येणारच. आईने फोनवर सांगितलं की गाद्या पावसाळ्यात ठेवतेस तशा उभ्या ठेव, भिंतीला टेकवून, मधे वारा राहील अशा. फ्रीजचं दार फळी अडकवून उघडं, सगळे कप्पे उघडे आणि दोरीने बांधलेले, पाण्याच्या टाक्या आणि हीटर पूर्ण निथळून काढलेले, संडासाची पेटी धुऊन सुकवलेली. ओल शोषणारे ते प्लॅस्टिकचे डबे मिळतात, खाली पाणी साचतं असे, मी सहा आणून ठेवले होते, तर बाबा म्हणाले, जहाज लोळतं गो, ते पाणी सगळं खाली सांडेल. खरंच की. मग पिशवीवाले घेतले, ज्यात पाण्याची जेली होते. गॅसचे सिलिंडर परत केले, बॅटरीची वायर सोडली. बाबांना हे सगळं ओळखीचं वाटत होतं, आपल्याकडे जूनच्या आधी होड्या वर ओढून झाप घालून शाकारतात तसंच आहे म्हणाले, इंजिनाचं तेल, दोऱ्या, जाळी, एकेक गोष्ट उतरवून. आत्ताही आमच्या खालच्या आळीत सगळ्या होड्या झाकलेल्या आहेत, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. आमची मात्र ऐन पावसाळ्यात समुद्रात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये कॅरॅव्हॅनला गाडीसारखं आरसी बुक नसतंच, मागे नंबर लागतो तो ओढणाऱ्या गाडीचा. क्रिस नावाची एक नोंदणी आहे, १९९२ पासून, सतरा आकडी-अक्षरी नंबर चासीवर असतो आणि खिडक्यांच्या काचेवरही कोरलेला असतो. तो क्रिसचा कागद, विकत घेतल्याची पावती, आणि विम्याची जुनी पत्रं असं सगळं जपून ठेवा, कारण मालक तुम्हीच आणि वापर तुमचाच हे पुढे कस्टम्सला दाखवायला दुसरं काही हातात नसतं. आमच्याकडे सेकंडहँडची पावती होती म्हणून निभावलं. आणि बंदरात सोडायच्या दिवशी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, छताचेसुद्धा. आमच्या पॉलिसीत जहाजच बुडालं तर भरपाई आहे, ओरखडे-पोचे यांना नाही, हे सही करायच्या आधी वाचलं म्हणून कळलं.

तिकडे उतरल्यावरही लगेच रस्त्यावर आणता येत नाही. आधी एंट्रीची तपासणी, मग तिथली नोंदणी आणि फिटनेस. विजेचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय कॅम्पसाइटवर प्लग लावू देत नाहीत. व्होल्टेज तेच आहे, २३०, बाहेरचा निळा सोळा अँपिअरचा प्लगही तोच, आतले चौकोनी पिनांचे सॉकेट बदलायचे. गॅस तिथल्या लायसनवाल्या माणसाकडून तपासून घ्यायचा. २०२३ च्या कायद्याने असं झालंय की फुकटच्या जागी मुक्काम करायचा तर बऱ्याच ठिकाणी संडास पक्का बसवलेला हवा, उचलून ठेवायचा चालत नाही, आमचा पक्का आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिथेही गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे कॅरॅव्हॅनचं दार फुटपाथकडेच उघडतं. बेली, स्विफ्ट या ब्रिटिश कंपन्यांच्या कॅरॅव्हॅन तिकडे विकल्या जातात, म्हणून सुटे भाग मिळतात. या सगळ्यामुळे आमचा हिशोब जमला. अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्या मैत्रिणींनी मात्र माझं बघून नेऊ नका, तिथे वीज १२० व्होल्ट आणि दार रहदारीकडे उघडणार, लहान मुलं असतील तर विचारही नको. ऑस्ट्रेलियाला नेता येते पण तिथे २०१८ च्या वाहन कायद्याखालची परवानगी हातात आल्याशिवाय जहाजावर चढवू नका.

माझं मत विचाराल तर निव्वळ पैशाकडे बघितलं तर नफा नाही, तोटाही नाही. कॅरॅव्हॅन जुनी असेल, कुठे ओल धरलेली असेल, तर विकाच, आत लाकडाचा सांगाडा असतो, तो कुजायला लागला की नेऊन काही उपयोग नाही. आमची कोरडी होती, आम्ही निघायच्या आधी ओलीची टेस्ट करून घेतली.

बाबांनी परवा विचारलं, इकडेच का नाही आणलीस. मी म्हटलं बाबा, कुंभार्ली घाट आठवा, मागे सात मीटरचं शेपूट लावून. हसले. पण मला माहितीये ते कशाबद्दल विचारत होते. न्यूझीलंड इंग्लंडपेक्षा लांब आहे, तिकीट महाग, आई-बाबा पंच्याहत्तरीला आलेत, टेनबीसारखी ट्रिप परत होईल की नाही कुणास ठाऊक. त्याच्यावर आम्ही कुणी काही बोललो नाही. मग ते जहाजाबद्दल बोलायला लागले. लाल समुद्रातला धोका टाळायला आमचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेलंय, आणि बाबा लागले तेव्हा सुएझ कालवा बंदच होता, १९६७ ते १९७५, त्यामुळे त्यांच्या पहिल्या सफरी सगळ्या त्याच वाटेने. आफ्रिकेच्या टोकाला केपच्या खाली जूनमध्ये समुद्र कसा असतो, लाट मागून येते तेव्हा जहाज कसं लोळतं, लॅशिंगचा म्हणजे बांधणीचा पट्टा सैल पडला तर रात्रीतून काय होतं, मुलं ओटीवर आ वासून ऐकत होती. माझ्या मुलाने विचारलं, आजोबा, आपली सुटली असेल का? "नाही सुटायची. दिवसातून दोनदा बघतात बांधणी. मी बघायचो."

आज सकाळी ॲपमध्ये बाण हलला. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, किनाऱ्याजवळ. बाबांनी फोन डोळ्यांजवळ धरून वेग किती, दिशा किती सगळं वाचलं, आईला हाक मारली, आणि मग माळ्यावरून दोराची गुंडाळी काढून ओटीवर बसले. कॅरॅव्हॅनला नवा तंबू घेऊ तेव्हा ताण द्यायला दोर लागतील, ते त्यांना स्वतः फासे घालून करून द्यायचेत, आठ. आई म्हणाली घरात एवढा चांगला सुंभ पडलाय, तो घ्या की. "सुंभ नको," बाबा म्हणाले, "तो नारळाचा. तिकडे अडवतील हिला. नायलॉनचाच करतो." संध्याकाळपर्यंत तीन झाले.